उभा कातळ आणि अरबी समुद्र

माझे वडील खदानीत सुरुंगाची भोकं पाडायचे. उधवा, तलासरी, हायवेच्या कडेचा पट्टा. ठेकेदार नेईल तिकडे. त्यांच्या लेखी दगडाच्या जाती दोनच, आडवा कातळ आणि उभा कातळ. आडवा म्हणजे थरावर थर बसलेला, सह्याद्रीत सगळीकडे दिसतो तो. उभा म्हणजे ते थर चिरत खालून सरळ वर आलेली दगडी भिंत. रुंदी कुठे दोन हात, कुठे वीस. लांबी मात्र शेतं, ओढे, पाडे ओलांडून डोळ्यांआड जाणारी. उभा कातळ लागला की वडील भोकाची दिशा बदलायचे. त्यातल्या भेगा आडव्या धावतात, दारूचा जोर भलतीकडूनच निसटतो.

पुढे मी आश्रमशाळेत भूगोल शिकवू लागलो तेव्हा या उभ्या कातळाला पुस्तकात डाइक म्हणतात हे कळलं. नव्याने फोडलेली डाइक जवळून बघण्यासारखी असते. कडेचा बोटभर भाग इतका बारीक कणांचा की घाव बसला की काचेसारखा तुटतो. हातभर आत गेलं की कण डोळ्यांना दिसू लागतात आणि मधोमध पांढरट स्फटिकांच्या बारीक काड्या उन्हात चमकतात. तापलेला रस थंड भेगेत शिरला, भिंतीला टेकला तिथे लगेच गोठला, मध्ये सावकाश. गोठताना आकसला आणि भिंतीशी काटकोन करून तडकला. म्हणून त्याचे खांब आडवे पडलेले दिसतात, दारापाशी सरपण रचून ठेवावं तसे. वडिलांची अडचण ती हीच.

डहाणू-तलासरीपासून खाली पालघर, वसई, पनवेल, अलिबागपर्यंत अशा भिंतींचा मोठा ताफा आहे. जे. बी. ऑडेन या भूवैज्ञानिकाने पश्चिम भारतातल्या डाइकांवर 1949 मध्ये लिहिलं. आजही अभ्यासक तिथूनच सुरुवात करतात. किनारपट्टीतल्या बहुतेक डाइका उत्तर-दक्षिण धावतात. उत्तर-दक्षिण भेग पडायची तर जमीन पूर्व-पश्चिम ताणली जायला हवी. पूर्वेला सह्याद्री जागच्या जागी आहे. पश्चिमेला काय आहे, ते डहाणूच्या एसटीत बसलेलं कुणीही सांगेल.

म्हणजे इथून काहीतरी पश्चिमेकडे ओढलं गेलं आणि मागे राहिलेल्या खड्ड्यात समुद्र भरला. ते काय होतं, कधी गेलं, किती लांब गेलं, हे ठरवायला पाण्याचा काही उपयोग नाही. समुद्राचं वय पाण्यावरून कळत नाही, तळावरून आणि काठावरच्या दगडावरून कळतं. आपल्याकडे अरबी समुद्राचा इतिहास म्हटलं की सोपारा, संजाण, वसईचा किल्ला, पोर्तुगीज, गलबतं. ते सगळं गेल्या दोन-अडीच हजार वर्षांतलं. माझ्या मते इतिहासाच्या पुस्तकात त्याच्या आधी एक धडा हवा आणि तो कातळाचा हवा.

कातळाला दिशा लक्षात राहते ती लोखंडामुळे. आपल्या काळ्या दगडात, म्हणजे बेसाल्टमध्ये, मॅग्नेटाइटचे कण असतात. रस अकराशे-बाराशे अंशांवर बाहेर येतो तेव्हा त्या कणांना कसलंच चुंबकत्व नसतं. मॅग्नेटाइट 580 अंश सेल्सिअसच्या खाली उतरलं की पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची त्या घटकेची दिशा त्यात पक्की होते. दगड पुढे कुठेही वाहून नेला, उलटा केला, तरी ती दिशा त्याच्या अंगात तशीच राहते.

वर्गात मी हे खदानीतल्या ढेकळावर दाखवायचो. साधं दहा-वीस रुपयांचं होकायंत्र दगडाजवळून सावकाश फिरवलं की काटा थोडा डगमगतो. मुलांना त्याचं फार कौतुक वाटत नसे. पण डोंगराच्या टोकावरच्या, विजा झेललेल्या खडकाजवळ तेच होकायंत्र नेलं की काटा गपकन फिरायचा आणि एक पाऊल पुढे टाकलं की पुन्हा उलटा. वीज पडताना दगडातून प्रचंड प्रवाह जातो, त्याच्याभोवतीचं चुंबकीय क्षेत्र जुन्या आठवणीवर स्वतःची मोहर उठवतं. म्हणून दगडातलं चुंबकत्व अभ्यासणारे लोक डोंगरमाथ्याचा नमुना शक्यतो घेत नाहीत. त्यांना ओढ्याचा तळ, रस्त्याचा काप, खदानीची खोल बाजू हवी असते. आणि बेसाल्टजवळ होकायंत्रावर विसंबून चालत नाही म्हणून दगडाची मांडणी नोंदवायला ते सूर्याच्या सावलीवर चालणारं होकायंत्र वापरतात. पाणी सोडत फिरणाऱ्या पोकळ गिरमिटाने इंचभर जाडीची कांडी काढायची, काढण्याआधी तिच्यावर दिशेची खूण करायची, मग प्रयोगशाळेत तिचे तुकडे टप्प्याटप्प्याने तापवून वरवरचं, नंतर चढलेलं चुंबकत्व झाडून टाकायचं. शेवटी उरतं ते मूळचं.

मुंबईला चुंबकमापनाची सवय जुनी. कुलाब्याच्या वेधशाळेत 1841 पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मापं घेतली जात. मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं तेव्हा त्या प्रवाहाने काटे बिघडतील म्हणून तिथले संचालक नानाभॉय मूस यांनी चुंबकीय वेधशाळा अलिबागला हलवायचं ठरवलं. 1904 मध्ये अलिबागची वेधशाळा सुरू झाली. तिच्या इमारतींना आपला काळा दगड लावला नाही. तो स्वतःच चुंबकीय, मापांत घोळ करणारा. पोरबंदरचा वालुकाश्म मुद्दाम आणला गेला. ज्या दगडाला मूस यांनी दारातही येऊ दिलं नाही, तोच दगड अर्ध्या शतकाने मुंबईतल्या शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेत मानाने आणला.

त्याची सुरुवात मात्र इंग्लंडमधल्या एका फसलेल्या कल्पनेतून झाली. पॅट्रिक ब्लॅकेट, 1948 चे भौतिकीतले नोबेलविजेते. फिरणाऱ्या कुठल्याही जड वस्तूला आपोआप चुंबकत्व येतं, अशी त्यांची कल्पना. ती तपासायला त्यांनी अत्यंत संवेदनशील चुंबकमापक बांधला आणि पंधरा किलोंहून जड शुद्ध सोन्याचा दंडगोल उसना आणून पृथ्वीबरोबर फिरणारं ते सोनं मापलं. हाती शून्य आलं. 1952 मध्ये ब्लॅकेटनी तो निकाल मोकळेपणाने छापला. एवढं नाजूक यंत्र तयार होतं, ते वाया का घालवायचं, म्हणून त्यावर दगड मापायला घेतले.

ब्लॅकेट आणि होमी भाभा यांची जुनी ओळख. ब्लॅकेट यांच्या गटातल्या क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स यांनी भारतातल्या दगडांच्या चुंबकत्वावरचा निबंध 1956 मध्ये प्रसिद्ध केला; त्यात दख्खनच्या लाव्हाचे, म्हणजे आपल्याच काळ्या दगडाचे, नमुने होते. पुढे भाभांनी उभारलेल्या मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत हे काम रुजलं. सी. राधाकृष्णमूर्ती आणि पी. डब्ल्यू. सहस्रबुद्धे यांनी डॉइचबरोबर 1959 मध्ये दख्खनवर लिहिलं, 1963 च्या निबंधात आर. एन. आठवलेही होते. आमच्या पाठ्यपुस्तकात वेगेनरचं नाव येतं, त्याच्या शेजारी या तिघांची नावं यायला काय हरकत आहे? वेगेनरने 1912 मध्ये खंडं सरकतात असं म्हटलं ते किनाऱ्यांचे आकार, जीवाश्म, हिमनद्यांच्या खुणा यांवरून. आणि त्याला बहुतेकांनी हसण्यावारी नेलं. खंड कुठून कुठे गेलं याचं माप दिलं ते दगडातल्या चुंबकाने, आणि ते देणाऱ्या पहिल्या काही जागांपैकी एक मुंबई होती.

मुंबईच्या शास्त्रज्ञांना सापडलं ते असं. मोकळी टांगलेली चुंबकसुई विषुववृत्तावर आडवी राहते, उत्तरेकडे जावं तसं तिचं उत्तर टोक खाली झुकतं, दक्षिण गोलार्धात ते वर उचललं जातं. उधव्याला आज सुई खाली झुकते, तीसेक अंशांनी. दख्खनच्या दगडातली सुई मात्र वर उचललेली निघाली, चाळीस-पन्नास अंशांनी, आणि उत्तरेऐवजी वायव्येकडे वळलेली. किंवा तिच्या बरोबर उलट, आग्नेयेकडे आणि खाली. झुकावाच्या कोनावरून अक्षांश काढायचं सूत्र सोपं आहे: झुकावाची टॅन ही अक्षांशाच्या टॅनच्या दुप्पट. उत्तर येतं सुमारे 30 अंश दक्षिण. वायव्येकडचा कल सांगतो की सगळा भूभाग पंचवीस-तीस अंश घड्याळाच्या उलट्या दिशेने वळलाही.

दहावीच्या मुलांकडून मी हे गणित फळ्यावर करून घ्यायचो. तीस दक्षिणेवरून वीस उत्तरेला म्हणजे पन्नास अंश. एक अंश 111 किलोमीटर. साडेपाच हजार किलोमीटर झाले. दख्खनच्या लाव्हाला साधारण 6 कोटी 60 लाख वर्षं. वर्षाला सरासरी आठ सेंटिमीटर. मुलं हाताची बोटं उघडून बघायची. प्रत्यक्षात वेग सारखा नव्हता; सुरुवातीला भारत वर्षाला पंधरा सेंटिमीटरहूनही जोरात चालला होता, आशियाला धडकल्यावर पाचवर आला. एक हुशार पोरगी एकदा म्हणाली, ‘सर, आपण पुढे आलो तर मागे काय राहिलं?’ माझ्या दृष्टीने हा या सगळ्या विषयातला सर्वांत चांगला प्रश्न. मागे समुद्राचा नवा तळ राहिला.

तो तळ कसा तयार होतो, याचा पुरावाही आपल्याच समुद्रात सापडला. अरबी समुद्राच्या मधून कार्ल्सबर्ग नावाची पाण्याखालची डोंगररांग जाते. नाव डॅनिश बिअरवाल्यांच्या प्रतिष्ठानावरून आहे. त्यांच्या पैशावर निघालेल्या ‘डाना’ जहाजाच्या मोहिमेने ती रांग 1928 ते 1930 च्या सफरीत नोंदवली. दारूबंदीची भाषणं ऐकत वाढलेल्या मला हे सांगताना नेहमी गंमत वाटते. 1962 मध्ये ‘ओवेन’ या ब्रिटिश जहाजाने त्या रांगेच्या माथ्यावर चुंबकमापन केलं. त्या आकड्यांवरून फ्रेड व्हाइन आणि ड्रमंड मॅथ्यूज यांनी सप्टेंबर 1963 मध्ये ‘नेचर’मध्ये मांडलं की रांगेच्या मध्यातून सतत नवा लाव्हा वर येतो, गोठताना त्या काळच्या क्षेत्राची दिशा धरतो आणि दोन्हीकडे सरकत जातो. पृथ्वीचं क्षेत्र अधूनमधून उलटं होतं, म्हणून तळावर सुलट-उलट पट्टे पडतात. रांगेच्या दोन्ही बाजूंचे पट्टे एकमेकांचं प्रतिबिंब असतात. पट्टे मोजले की समुद्र कधी किती उघडला ते कळतं.

‘ओवेन’चं मापन हिंदी महासागराच्या ज्या आंतरराष्ट्रीय मोहिमेचा भाग होतं, तिच्यातूनच 1966 मध्ये गोव्याची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था उभी राहिली. खोल अरबी समुद्राचा गुंता सोडवण्यात त्या संस्थेचा वाटा मोठा. गुंता आहे तो लक्ष्मी खोऱ्यात. आपल्या किनाऱ्यापासून पश्चिमेला समुद्राखाली लक्ष्मी नावाचा उंचवटा आहे आणि तो व आपली उथळ किनारपट्टी यांच्यामध्ये हे खोल खोरं. त्याचा तळ खरा समुद्री तळ आहे, की ताणून पातळ झालेला जुना भूखंड? नैनी आणि माणिक तलवाणी यांनी 1982 मध्ये ताणलेल्या भूखंडाचा पक्ष घेतला. गोव्याच्या जी. सी. भट्टाचार्य आणि सहकाऱ्यांनी 1994 मध्ये खोऱ्यावरचे अंधूक पण दोन्हीकडे जुळणारे चुंबकीय पट्टे दाखवले आणि तिथे कधीकाळी तळ पसरत होता असं म्हटलं. पुढे कृष्णा, गोपाल राव आणि सार यांनी 2006 मध्ये पुन्हा भूखंडाची बाजू मांडली. 2015 च्या एप्रिल-मेमध्ये ‘जॉइडेस रिझोल्यूशन’ हे छिद्रण जहाज तिथे थांबलं. साडेतीन किलोमीटर पाणी, त्याखाली जवळपास अकराशे मीटर गाळ, आणि मग बेसाल्ट. हाती आले ते थोडेच मीटर. आमच्या खदानीतला पोकलेन एका सकाळी त्याच्या कितीतरी पट दगड उचलतो आणि त्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. तेवढ्या मीटरांवर वाद मिटला नाही, उलट नवे मुद्दे निघाले.

मग इथून गेलं कोण? सेशेल्स. आज ती बेटं आपल्यापासून हजारो किलोमीटरवर, आफ्रिकेच्या बाजूला आहेत. मुख्य बेटं ग्रॅनाइटची, सुमारे 75 कोटी वर्षांची. समुद्राच्या मधोमध ग्रॅनाइट म्हणजे तुटून गेलेल्या भूखंडाचा तुकडा. त्यांतल्या सिलुएट आणि नॉर्थ या बेटांवर मात्र खूप नंतरचे अग्निजन्य खडक आहेत, सुमारे 6 कोटी 30 लाख वर्षांचे, दख्खनच्या शेवटच्या पर्वाच्या जवळपासचे. गानेरॉड आणि सहकाऱ्यांनी 2011 मध्ये त्या खडकांतली चुंबकीय दिशा मापली आणि ती दख्खनच्या दिशेशी ताडून सेशेल्स तेव्हा कुठे होती ते मांडलं: आपल्या पश्चिम कडेला टेकून. त्याच्याही आधी मादागास्कर सुटलं होतं, साधारण नऊ कोटी वर्षांपूर्वी.

सेशेल्स सुटताना इकडच्या काठाचं काय झालं ते बघायला पनवेलपर्यंत जावं लागतं. सह्याद्रीत जवळपास आडवे असणारे थर कोकणात उतरलं की पश्चिमेकडे कलू लागतात, मुंबईजवळ दहा-पंधरा अंशांनी, कुठे त्याहून जास्त. या वाकाला पनवेल फ्लेक्शर म्हणतात. कल लाव्हा वाहतानाच होता की नंतर आला, हेही चुंबकाने तपासता येतं. थर आडवे असताना दिशा पक्की झाली असेल तर ती थरांबरोबर कललेली सापडते. कागदावर थर सरळ केले की सगळ्या दिशा पुन्हा एकत्र येतात. के. पांडे, यतीश आणि हेतू शेठ यांनी 2017 मध्ये मुंबईच्या खडकांचं वय काढलं, सुमारे 6 कोटी 25 लाख वर्षं, आणि हा वाक, मुंबईचे ज्वालामुखी आणि सेशेल्सचं सुटणं या एकाच काळातल्या गोष्टी आहेत असं मांडलं.

दगडातल्या उलट-सुलटीचा उपयोग घड्याळासारखाही होतो. टाटा संस्थेच्या काळात असं वाटे की सह्याद्रीत साधारण 600 मीटर उंचीखालचे थर उलटे आणि वरचे सुलटे. पुढे थर सपाट नाहीत, उंचीवरून भागायचं नाही हे कळलं. मग फ्रान्सच्या कुर्तीयो यांच्या गटाने 1980 नंतर हे काम हाती घेतलं आणि दख्खनचा बहुतेक लाव्हा एका उलट्या कालखंडात, त्याच्या आगेमागे सुलट काळ, असा सोपा क्रम लावला. डायनासोर संपले तोही हाच उलटा कालखंड. पण मुंबईजवळच्या डाइका या तीन घरांत मावत नाहीत. बसवय्या आणि सहकाऱ्यांनी 2018 मध्ये त्यांतून जास्त उलटापालटी दाखवल्या. ते मला पटतं. लाव्हाचे थर वाहून बसले तरी जमीन ताणली जायची थांबलेली नसते. डाइका त्या ताणाच्या वेळोवेळच्या नोंदी आहेत.

याच 2018 च्या नोव्हेंबरपासून आमच्याकडे धक्के सुरू झाले. धुंदलवाडी, हळदपाडा, दापचरी ही नावं टीव्हीवर आली. 1 फेब्रुवारी 2019 ला चारच्या वर तीव्रतेचा धक्का बसला. लोक थंडीत तंबूत झोपले, आम्ही शाळा मैदानात भरवली. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने (एनजीआरआय) आणि दिल्लीच्या भूकंप केंद्राने यंत्रं बसवली. पावसाचं पाणी खोल भेगांत उतरतं आणि तिथला दाब वाढवतं, असं एक स्पष्टीकरण मांडलं गेलं. पाड्यावरच्या म्हाताऱ्यांना ते भगताच्या स्पष्टीकरणापेक्षा फार वेगळं वाटलं नाही, कारण दोन्हींतलं कोणतंच पुढचा धक्का कधी ते सांगत नव्हतं. मी मुलांना एवढंच सांगितलं की आपल्या खालचा दगड अखंड शिळा नाही. त्याच्या भेगा जुन्या आहेत, समुद्र उघडताना पडलेल्या.

आता मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्ग आणि बुलेट ट्रेन दोन्ही तलासरी-डहाणूतून जातात. त्यांच्या भरावासाठी, खडीसाठी डोंगर कापले जात आहेत. जमिनी गेल्याचं दुःख वेगळं, त्यावर बोलणारे माझ्यापेक्षा जाणकार आहेत. पण कापलेली कड ताजी असते, तिला ऊन-पाऊस लागलेला नसतो आणि वीजही पडलेली नसते. नमुना घ्यायला याहून चांगली जागा नाही, आणि ती फार दिवस टिकतही नाही. पनवेलला भारतीय भूचुंबकत्व संस्था आहे. उधव्याहून सकाळी निघालेला माणूस दुपारी तिथे पोहोचतो. कुठली संस्था कधी येते याची वाट न बघता मी आठवीच्या मुलांना घेऊन कापाच्या जागी जायला लागलो. पेन्सिल, कंपासपेटीतला कोनमापक, ओळंबा आणि सावलीसाठी एक काठी, एवढं सामान पुरतं.

परवा गेलो तिथे दोन डाइका होत्या. एक तिरकी, माथा समुद्राकडे झुकलेला. दुसरी सरळ उभी, पहिलीला छेदून वर गेलेली. ओळंबा धरायला एका मुलाला पुढे पाठवलं आणि कोणती आधीची ते विचारलं. ‘तिरकी आधीची,’ तो म्हणाला, ‘ती कापली गेलीये.’ मग तिरकी का झाली? त्याने आजूबाजूच्या थरांवर कोनमापक लावला. थरही तेवढेच कलले होते, पश्चिमेकडे. म्हणजे पहिली डाइक शिरली तेव्हा जमीन सपाट होती, दुसरी शिरली तोवर ती समुद्राच्या बाजूला बसली होती. मुलांनी दोन्हींच्या आकृत्या वहीत काढल्या, कोन लिहिले, उत्तरेचा बाण घातला. तेवढ्यात सुपरवायझरने शिट्टी मारली, सुरुंगाची वेळ झाली होती, आणि आम्ही सगळे रस्त्याच्या पलीकडे जाऊन थांबलो.